कांगड्याच्या किल्ल्यावर आम्ही तिघं

हिमाचल प्रदेशातल्या संरक्षित स्मारकांवर मी एकदा वीस मिनिटं भाषण केलं आहे, तेही हिंदीत. समोर सगळं ऑफिस, पहिल्या रांगेत साहेब. भाषण इतकं रंगलं की टाळ्या थांबेनात. आणि हिमाचल सोडाच, तोवर मी उत्तरेला नाशिकच्या पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहायचो. तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. मी मुंबईत एका सरकारी कार्यालयात लिपिक, हे एका खाजगी कंपनीत, आणि मुलगी सात वर्षांची. सरकारी नोकराला काही वर्षांतून एकदा सहकुटुंब देश पाहून यायचा प्रवासखर्च मिळतो. त्याला एलटीसी म्हणतात. मी हिमाचल निवडलं. अर्जात लिहिलं, "राज्यातील ऐतिहासिक व संरक्षित स्मारके पाहण्यासाठी." खरं तर तिथे नुसतं ठिकाणाचं नाव लिहायचं होतं. हेतू कोणी विचारलाच नव्हता. माझ्या आयुष्यातल्या निम्म्या अडचणी अशाच आल्यात, न विचारलेल्या प्रश्नाला सुंदर उत्तर देऊन.

मे महिन्यात, निघायच्या दोन दिवस आधी, मुलीला आंघोळ घालताना तिच्या पाठीवर पाण्याने भरलेला एक फोड दिसला. संध्याकाळपर्यंत सतरा झाले. कांजिण्या.

जाणं रद्द झालं. पण रजा मंजूर होती आणि प्रवासाची उचल मी घेतलेली होती. त्यातला बराचसा भाग आमच्या डोक्यावरच्या गळक्या गच्चीवर डांबर होऊन बसला होता. आता ती परत कुठून करणार? ह्यांनी दोन रात्री छताकडे बघत काढल्या. तिसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या एका टूरवाल्याकडे गेले. तो पान चघळत म्हणाला, "मॅडम, तुम्ही जा नाहीतर नका जाऊ. ऑफिसात कागद गेला म्हणजे तुम्ही गेलात."

असं सगळेच करतात, असं ऑफिसात सगळेच म्हणत. करताना मात्र मी कोणाला पाहिलं नव्हतं. सापडलेला एक जण तेवढा पाहिला होता. ऑफिसात आमच्याच मजल्यावरचा. खोटं बिल लावलं म्हणून चौकशी लागली, निलंबन झालं, मग तो दिसेनासाच झाला. त्याची पाण्याची बाटली मात्र कित्येक महिने खिडकीत तशीच होती. कोणी हलवत नव्हतं, कोणी त्यातलं पाणीही ओतत नव्हतं.

"अगं, नोकरी जाईल," हे म्हणाले.

"कागद गेला म्हणजे आपण गेलो," मी म्हणाले. आवाज माझा होता, धीर टूरवाल्याचा.

तर असे आम्ही हिमाचलला निघालो. सामान बांधलं, जिना उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि मागच्या बाजूने परत येऊन स्वतःच्याच घरात शिरलो. शेजारच्या काकूंनी बाहेरून कुलूप लावलं. काकूंना सगळं सांगितलेलं होतं. त्यांना असं काही करायला मिळालं म्हणून त्या दहा वर्षांनी तरुण झाल्या होत्या.

एवढं लपायचं कारण म्हणजे आमच्या ऑफिसातले एक मोठे बाबू. ते राहायचे चंदनसारला. रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या इमारतीखालून जायचे, आणि जाता-येता मान वर करून बघायची त्यांना सवय होती. मला वहिनी म्हणायचे. त्यांना ऑफिसातलं काही कळलं की ते दुपारच्या डब्याआधी तीन मजले फिरून यायचं.

मे महिन्यात बंद खिडक्यांच्या खोलीत तीन माणसं बारा दिवस. कुकर लावायचा नाही, शिट्टी ऐकू जाईल. बोलायचं ते कुजबुजत. कपडे आतच दोरीवर. पाणी सकाळी अर्धा तास यायचं. काकू कुलूप काढून दोन बादल्या आत सरकवायच्या आणि जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आज रोहतांगला असतील हो! बर्फात लोळत असतील!" आत आमच्या अंगावरून घामाच्या धारा, आणि कडुनिंबाच्या पाल्यावर निजलेल्या पोरीने खाजवू नये म्हणून ह्यांनी तिचे दोन्ही हात धरलेले.

तिला गुंतवायला माझ्याकडे एकच पुस्तक होतं, टूरवाल्याने दिलेली हिमाचलची माहितीपुस्तिका. ती मी तिला कुजबुजत वाचून दाखवायची. देवदारांच्या बनातलं मनालीचं लाकडी देऊळ, एकावर एक छपरं असलेलं. चंबा गावातली दगडी शिखरं, त्यांच्यावर बर्फ साचू नये म्हणून घातलेल्या लाकडी छत्र्या. मसरूरला एकाच कातळातून कोरून काढलेली देवळं आणि समोरच्या तळ्यात त्यांचं प्रतिबिंब. बैजनाथचं शंकराचं देऊळ. पार तिकडे स्पितीच्या थंड वाळवंटात ताबोचा मठ, बाहेरून नुसती माती, आत भिंतीभर चित्रं. आणि कांगड्याचा किल्ला, दोन नद्यांच्या संगमावर, मोठ्या भूकंपात ढासळलेला. मी वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची. हेही ऐकायचे, पण त्यांचे डोळे दाराकडे.

सहाव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं.

"वहिनी? आहे का कोणी?" मोठे बाबू.

आम्ही तिघं कपाटाच्या आडोशाला. ह्यांनी पोरीच्या तोंडावर हात ठेवला आणि मी ह्यांच्या. गॅसवर डाळीला नुकतीच फोडणी बसली होती.

काकू बाहेर आल्या. "कुलूप दिसत नाही का? हिमाचलला गेलेत ते."

"ते माहितीये हो. पण आतून फोडणीचा वास येतोय."

"माझ्या घरचा आहे. वासाला काय भिंत अडवते?"

"तुमचं तर दार बंद होतं."

"मग? दार उघडं ठेवून फोडण्या देऊ? आल्यावर पाठवते त्यांना तुमच्याकडे. आता जा, माझी डाळ करपेल."

करपत होती ती आमची. पण उठून गॅस बंद करायची हिंमत झाली नाही. बाबूंची पावलं जिन्यावरून गेली, मध्येच थांबली, मग पुन्हा गेली. त्या रात्री आम्ही करपलेली डाळ खाल्ली. हे एवढंच म्हणाले, "तो थांबला का होता?" पुढचे चार महिने मी हाच प्रश्न उलटसुलट करून स्वतःला विचारत होते.

दहाव्या दिवशी खपल्या धरल्या. आणि मला फोटोंची आठवण झाली. हिमाचलहून आलेल्या माणसाकडे फोटो नाहीत, यावर ऑफिस विश्वास कसा ठेवणार? पुस्तिकेतला कांगड्याचा किल्ला मी नीट बघितला. काळा दगड, पडलेली कमान, भिंतीतून निघालेली झाडं. म्हटलं, अहो, हे तर आपल्या वसईला आहे!

विरारमध्ये राहून आठ वर्षं झाली होती. वसईचा किल्ला मी एकदाही पाहिला नव्हता. भल्या सकाळी काकूंचा कॅमेरा, तीन स्वेटर आणि ह्यांची माकडटोपी पिशवीत घालून आम्ही निघालो. पोरीच्या तोंडावरच्या डागांवर पावडरचा थर. किल्ल्याच्या दारात निळा फलक होता. हे संरक्षित स्मारक आहे, नुकसान करणारा शिक्षेस पात्र. बाकी सगळं सोडून 'शिक्षेस पात्र' एवढंच मला मोठ्या अक्षरात लिहिल्यासारखं दिसलं.

"फलक नको हं फोटोत, मराठी आहे," मी म्हणाले.

"ताड?"

"ताड तर मुळीच नको. हिमालयात ताड कुठून?"

"मग हे चर्च?"

"अहो, चर्चकडे पाठ करा!"

भर उन्हात स्वेटर घालून आम्ही कुडकुडायला लागलो. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती. आमच्याकडे बघून थांबली. "ताप आलाय काय?" तिने विचारलं. मी दात वाजवत मान हलवली. ती बिचारी सावलीत बसा म्हणून सांगून गेली. ताड चुकवत, चर्चच्या कमानी चुकवत, समुद्र चुकवत आम्ही बुरुजाच्या बाजूने कोळीवाड्याकडे सरकत गेलो, आणि शेवटी एका पडक्या भिंतीशी ह्यांना अगदी कांगडा सापडला. छत्तीस फोटो काढले. सगळ्यात झकास तोच आला. मी, माकडटोपीतली पोर आणि मागे काळाभोर तट.

ऑफिसात फोटोंचं कौतुक झालं. मोठ्या बाबूंनी नुसतेच वरवर चाळले. मी रोज वाट बघत होते, फोडणीबद्दल बाबू कधी विचारतात. ते विचारत नव्हते. त्याने झोप उडायची ती उडायचीच. टूरवाल्याकडून आणलेलं बिल दोनदा काही ना काही शंका काढून परत आलं, मी पुन्हा लावलं. ऑगस्टमध्ये जुने साहेब बदलून गेले आणि नवे आले. गोरेपान, मितभाषी, गरम पाणी पिणारे. बिल मंजूर करायचं आता त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी शिपाई म्हणाला, "मॅडम, साहेब हिमाचलचे आहेत. कांगड्याचे."

माझ्या हातातला रबरी शिक्का शाईच्या डबीत उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं. साहेबांसमोर माझं बिल आणि मूळ अर्ज. "आप हमारे यहाँ गई थीं? संरक्षित स्मारक देखने?" त्यांचा चेहरा उजळला होता. "लोग तो बस बर्फ़ देखने जाते हैं." सप्टेंबरात हिंदी पंधरवडा होता. तेव्हा याच विषयावर बोला म्हणाले, आणि फोटोही लावा. बिल त्यांनी बाजूला ठेवलं. "भाषण के बाद देखता हूँ."

म्हणजे आता माझी नोकरी आणि माझं भाषण एकाच टेबलावर होतं. पंधरा दिवस मी डब्यातलं अन्न घरी परत नेलं. हे म्हणायचे, आजारी पड. पण पडले असते तर साहेबांनी फोटो तरी मागवलेच असते.

आणि बोलायला उभी राहिले तर काय झालं सांगू? मला मजा आली! इतके दिवस लपवलेल्या माणसाला व्यासपीठ मिळाल्यावर दुसरं काय होणार? बारा दिवस पोरीच्या कानात जे सांगितलं होतं ते सगळं तोंडपाठ. मसरूरच्या तळ्यात मी देवळं उलटी उभी केली. मनालीला देवदारांचा वास कापरासारखा आला. ताबोच्या अंधाऱ्या खोलीत मी टॉर्च मारला आणि एकेक चित्र उजळवलं. टंकलेखिका पदर डोळ्यांना लावून बसली. मग कांगड्याच्या किल्ल्यावर आले आणि तिथे माझी जीभ सुटली, कारण किल्ला मी खरोखरच पाहिला होता. दगडांच्या सांध्यातली मुळं, पायऱ्यांवरची शेळ्यांची लेंडी, तापलेल्या भिंतीला टेकल्यावर पाठीला बसलेला चटका. "और शाम को," मी हात पसरून म्हणाले, "क़िले पर नमकीन हवा चलती है!"

साहेबांनी मान किंचित तिरपी केली.

टाळ्या झाल्या. सगळे फलकावरच्या फोटोंभोवती जमले. साहेब चष्मा पुसून अगदी जवळून बघायला लागले. मोठे बाबू त्यांच्या खांद्यावरून डोकावले. त्यांनी फोटो आज पहिल्यांदा नीट पाहिले असावेत. एकदम त्यांचा चेहरा फुलला आणि ते आनंदाने ओरडले, "आयला, बोंबील!"

मी बघितलं. काळ्या तटाच्या डाव्या बाजूला, माझ्या खांद्यामागे, बांबूंवर बोंबलांची रांगच्या रांग वाळत घातलेली होती. चार महिने मी तो फोटो शंभरदा पाहिला होता. ह्यांनी पाहिला, काकूंनी पाहिला. ताड चुकवला, चर्च चुकवलं, समुद्र चुकवला. पण आम्ही दोघं रत्नागिरीकडची. वाळत घातलेले बोंबील म्हणजे आमच्या डोळ्यांना आभाळासारखे. असतातच. ते कोण बघतं?

"क्या है?" साहेबांनी विचारलं.

बाबूंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "कुछ नहीं सर. मूली है. सुखाई हुई मूली."

"हमारे यहाँ मूली ऐसे नहीं सुखाते," साहेब म्हणाले, आणि मला केबिनमध्ये यायला सांगितलं.

जाताना बाबूंनी मला दाराशी गाठलं. "वहिनी, कबूल करू नका. हात जोडतो. माझं रामेश्वरचं बिलही त्याच टूरवाल्याचं आहे. तुम्ही आतच असणार हे ओळखून त्या दिवशी तुमच्याकडे कशाला आलो होतो? त्याचा पत्ता मागायला!"

"मग जिन्यात थांबला का होतात?"

"चप्पल तुटली होती हो!"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. पाठीमागे बाबू, पुढे साहेब.

साहेबांनी दार लावून घेतलं. बिल उघडून समोर ठेवलं, सहीच्या जागेवर बोट ठेवलं, पण पेन उचललं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांचं घर त्या किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. तिथून संध्याकाळी बर्फावरून उतरलेली हवा येते. "समुंदर वहाँ से कितनी दूर है, आपको पता है, मैडम?"

मला पता नव्हतं. पुस्तिकेत ते दिलं नव्हतं.

"यह फ़ोटो कहाँ का है?"

रामेश्वर, चप्पल, खिडकीतली बाटली, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मला वाटलं आता काहीतरी सुंदर सुचेल. आयुष्यभर सुचत आलं होतं. त्या दिवशी नाही सुचलं. "वसई का है, सर," मी म्हणाले. आणि मग कांजिण्यांपासून करपलेल्या डाळीपर्यंत सगळं सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, कुठेही रंग न भरता.

ते बिलाकडेच बघत ऐकत होते. माकडटोपीपाशी मात्र त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. मग म्हणाले, मसरूरचं ते तळ्याचं वर्णन कुठून आणलंत? पुस्तिकेतून, मी म्हटलं. "मैं भी नहीं गया कभी," ते म्हणाले. "घर से दो घंटे का रास्ता है."

पण त्यांनी बिल मिटवून माझ्या हातात दिलं नाही. समोरच ठेवलं. म्हणाले, प्रवास केलाच नाही असं आज पाच वाजेपर्यंत लिहून दिलंत तर उचल दंडव्याजासह पगारातून कापली जाईल, ताकीद मिळेल, आणि तिथे थांबेल. नाही दिलंत तर उद्या हे चौकशीला पाठवावं लागेल. सही तर मी करणार नाही. हे त्यांनी जसं सांगितलं तसंच मी लिहिते आहे. आवाज चढवला नाही, दयाही दाखवली नाही.

तेव्हा चार वाजायला आले होते. मी तिथेच उभ्याने कागद मागून घेतला. भाषण कसं झरझर आलं होतं! हे तीन ओळींचं पत्र लिहायला मला चाळीस मिनिटं लागली. "मी व माझे कुटुंबीय उपरोक्त प्रवासास गेलो नाही." 'उपरोक्त' खोडलं. पुन्हा लिहिलं. मग सही केली.

साहेबांनी पत्र वाचलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं. "आवक नंबर डालकर लाइए."

बाहेर आले. आवकचं टेबल कोणाचं? माझंच. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद मीच रजिस्टरात नोंदवायची, आणि ते रजिस्टर दिवसातून दहा जण चाळायचे. मी खुर्चीत बसले. पेन उघडलं. क्रमांक. तारीख. कोणाकडून आले, या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. विषयाच्या रकान्यापाशी हात थांबला. इथे 'वैयक्तिक' लिहिलं असतं तरी चाललं असतं. बरेच जण लिहितात. मी लिहिलं, "हिमाचलला न गेल्याबाबत."

डोक्यावर सावली पडली. मोठे बाबू वाकून वाचत होते. त्यांना ते पुन्हा वाचावं लागलं. मी शिक्का मारला. ते आपल्या टेबलावर गेले, खण उघडला, बंद केला, घड्याळाकडे बघितलं. पाच वाजायला बारा मिनिटं होती. मग एक कोरा कागद घेऊन परत माझ्यापाशी आले, खुर्ची ओढून बसले, आणि माझं पेन मागितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "पुढचा नंबर मोकळा ठेवा."